पडद्यावरची बस आणि चाकणची रात्रपाळी

संगणकाच्या पडद्यावर शहर वसविण्याचे जे अनेक खेळ आज खेळले जातात त्यांत ‘सिटीज : स्कायलाइन्स’ हा विशेष लोकप्रिय आहे. फिनलंडमधील टाम्पेरे या औद्योगिक शहरातील ‘कोलोसल ऑर्डर’ नावाच्या एका लहानशा संस्थेने तो रचला आणि मार्च २०१५ मध्ये तो बाजारात आला. खेळणाऱ्याच्या वाट्याला महापौरपद येते. तेही असे की, पुढे सभागृह नाही आणि मागे आयुक्त नाही. पुढ्यात मोकळा माळ असतो. त्यावर रस्ते आखावयाचे. वस्तीच्या जमिनीला हिरवा, बाजाराच्या जमिनीला निळा आणि कारखान्यांच्या जमिनीला पिवळा रंग द्यावयाचा. पाणी, वीज, शाळा, दवाखाने यांची सोय लावावयाची. माणसे येतात, घरे उठतात, धूर निघू लागतो आणि एके दिवशी सारे रस्ते तुंबतात. येथवर पोहोचलेल्या खेळाडूला, त्याची राजकीय मते काहीही असोत, बसकडे वळावेच लागते. रस्ता रुंद करून गर्दी हटत नाही हे सत्य त्याला चार रात्रींत कळते. आपल्या राज्यकर्त्यांना ते चार पंचवार्षिक योजनांतही कळले नव्हते.

कष्टकऱ्यांच्या प्रश्नांना वाहिलेल्या पानावर पोरांच्या खेळाची ही चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना पडेल आणि त्यांच्या कपाळाला आठ्याही पडतील. त्यांनी एवढेच आठवून पाहावे की, पिंपरी-चिंचवड परिसरात गेल्या पन्नास वर्षांत बससाठी जे मोर्चे निघाले, जी निवेदने दिली गेली, त्यांतील मागणी बहुतेक वेळा एकाच वाक्याची होती : बस वाढवा. ही मागणी न्याय्य होती, आजही आहे. परंतु किती बस, कोणत्या रस्त्यावर, किती मिनिटांनी आणि कोणाच्या पैशाने, हे प्रश्न पुढे आले की मोर्चाचे शिष्टमंडळ गप्प होते आणि अधिकारी बोलू लागतो. अधिकाऱ्याच्या हाती नकाशा असतो, आकडे असतात. शिष्टमंडळाच्या हाती केवळ संताप असतो. या खेळाचा पहिला उपयोग हा की, तो नकाशा आणि आकडे कोणाच्याही हाती देतो.

बससेवेचे गणित मुळात सोपे आहे. वीस किलोमीटर लांबीचा एक मार्ग घ्यावा. बस ताशी सरासरी पंधरा किलोमीटर वेगाने जात असेल, तर जाण्यायेण्याला १६० मिनिटे आणि दोन्ही टोकांना मिळून वीस मिनिटांचा थांबा धरला तर एक फेरी तीन तासांची होते. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर या मार्गावर अठरा बस लागतील. आता रस्ता तुंबला आणि वेग ताशी दहा किलोमीटरवर आला, तर फेरी २६० मिनिटांची होते; तीच दहा मिनिटांची सेवा टिकवायला सव्वीस बस लागतात. उलट बसला स्वतंत्र मार्गिका मिळाली आणि वेग ताशी वीसवर गेला, तर चौदा बसमध्ये काम भागते. तुंबलेला रस्ता आणि मोकळी मार्गिका यांत फरक पडला तो बारा बसचा आणि त्या बारा बसवरील सर्व पाळ्यांच्या चालक-वाहकांच्या वेतनाचा. महापालिका नव्या बसच्या खरेदीचा समारंभ करते, फुगे सोडते, फीत कापते. तेवढ्याच बस रस्त्यावरील कोंडी रोज गिळून टाकते आणि त्याचा कोठे पंचनामा होत नाही. खेळाडूला हे गणित कोणी शिकवीत नाही. मार्गावर बस वाढवूनही थांब्यावरची रांग हटत नाही, मागून येणाऱ्या बस एकमेकींना चिकटून तीन-तीन एकदम येतात आणि मग अर्धा तास एकही येत नाही, हे तो पाहतो आणि आपोआप मार्गिकेकडे येतो.

दुसरी गोष्ट तो शिकतो ती बदलीच्या प्रवासाची. प्रत्येक वस्तीतून प्रत्येक ठिकाणी थेट बस देण्याचा मोह नव्या खेळाडूला होतो, तसा तो नगरसेवकालाही होतो. आपल्या प्रभागातून स्वारगेटला किंवा मनपा भवनाला थेट बस सुरू केली याचा फलक लावता येतो. ती बस दिवसातून चार वेळा जाते हे फलकावर लिहावे लागत नाही. अशा शंभर मार्गांवर बस विखरून टाकल्या की, कोणत्याही मार्गावर भरवसा उरत नाही. त्याऐवजी मोजक्या मुख्य मार्गांवर पाच-सात मिनिटांनी बस आणि वस्त्यांतून त्या मार्गांपर्यंत आणणाऱ्या लहान फेऱ्या, ही रचना प्रवाशाला एकदा बस बदलायला लावते, पण घड्याळ पाहायला लावत नाही. अर्थात बदली करताना दुसरे तिकीट काढावे लागत असेल तर ही सारी रचना गरिबाच्या खिशावर बेतते, हे विसरून चालणार नाही.

येथपर्यंत खेळ हा चांगला शिक्षक आहे. पण प्रत्येक शिक्षकाचा एक वर्ग असतो आणि खेळाचाही आहे. शहर वसविण्याच्या खेळांची ही परंपरा १९८९ साली अमेरिकेत विल राइट याने रचलेल्या ‘सिमसिटी’पासून सुरू होते. या खेळामागील कल्पनांचा एक उगम मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेतील प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या १९६९ सालच्या ‘अर्बन डायनॅमिक्स’ या ग्रंथात आहे. फॉरेस्टर यांनी बोस्टनच्या माजी महापौरांच्या सहवासात शहराचे एक संगणकीय प्रतिमान उभारले आणि त्यातून असा निष्कर्ष काढला की, गरिबांसाठी स्वस्त घरे बांधणे हे शहराला अपायकारक असते. आकडेमोड यंत्राने केली असल्यामुळे निष्कर्षाला शास्त्राचे वजन आले. वस्तुतः यंत्रात जी गृहीतके घातली तीच बाहेर पडली होती. ‘सिमसिटी’मध्ये कर वाढविला की नागरिक शहर सोडून जातात, नंतरच्या खेळांतही हा नियम राहिला. ज्यांना सोडून जाता येत नाही असे नागरिक या खेळांत नाहीतच. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, पहिल्या ‘सिमसिटी’त रस्ता होता, रेल्वे होती, पण बस नव्हती. मोटारीच्या देशात रचलेल्या शहराला बसची आठवण झाली नाही. फिनलंडच्या मंडळींनी मात्र आपल्या कामाचा आरंभच २०११ साली ‘सिटीज इन मोशन’ या सार्वजनिक वाहतुकीवरील खेळाने केला. बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे हीच त्याची सामग्री होती. देशोदेशीचे समाजजीवन खेळण्यातही कसे उतरते याचे हे उदाहरण मोठे बोलके आहे.

तथापि फिनिश खेळातही काही सोयीस्कर चमत्कार आहेत. चौकात वाहन फार काळ अडकले तर ते दिसेनासे होते. मोटारीतून उतरलेल्या माणसाला जागा मिळाली नाही तर मोटार जणू खिशात घालून तो पुढे जातो. पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावरील चाकणच्या तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात हा चमत्कार घडत नाही. तेथे मालवाहू कंटेनर, कारखान्यांच्या बस, कांद्या-बटाट्याच्या बाजाराला आलेले टेम्पो, शेअर रिक्षा आणि पहिल्या पाळीला उशीर झालेले दुचाकीस्वार हे सगळे जागच्या जागी असतात. कोणीही नाहीसे होत नाही. झालाच तर एखादा दुचाकीस्वार होतो आणि त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते.

चाकणची ही गाठ समजून घ्यायची तर थोडे मागे गेले पाहिजे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शेतांवर कारखान्यांची रांगच उभी राहिली. १९७० साली नगरपालिका आली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले, १९७४ साली पिंपरी-चिंचवडची स्वतःची परिवहन सेवा सुरू झाली आणि १९८२ साली महापालिका झाली. क्रम पाहण्याजोगा आहे : आधी कारखाना, मग गावकारभार, मग घरांचा विचार, मग बस. तरीही तेथे हे सारे निदान आले. कामगाराला कारखान्याजवळ घर मिळावे ही प्राधिकरणाची मूळ कल्पना होती. तिचे पुढे काय झाले, जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना परताव्यासाठी किती वर्षे झगडावे लागले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २०२१ साली ते प्राधिकरणही पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन झाले.

चाकणला यांतील पहिली पायरी तेवढी आली. १९९९ च्या सुमारास बजाजचा कारखाना, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, त्यानंतर महिंद्र. त्यांच्यामागून सुटे भाग बनविणारे शेकडो लहानमोठे कारखाने महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, सावरदरी, वासुली या गावांच्या शिवारांत पसरले. खेळाच्या भाषेत सांगायचे तर येथे जमिनीला पिवळा रंग फासला गेला. हिरवा रंग कोणी लावलाच नाही. कामगार राहतात ते शेतकऱ्यांनी उरल्यासुरल्या तुकड्यांवर बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांत, नाही तर भोसरी, मोशी, चिखली, तळवडे येथे. दूरच्या जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेली ही तरुण मुले बहुसंख्य कंत्राटी आहेत. चाकणला नगर परिषद मिळाली ती २०१५ साली. तिच्या हद्दीबाहेरची औद्योगिक गावे ग्रामपंचायतींकडेच राहिली.

आणि येथे खेळाचे दुसरे मोठे असत्य उघडे पडते. खेळात महापौर एक, तिजोरी एक, हद्द एक. या पट्ट्यात मात्र बसचा थांबा एका संस्थेच्या जागेत, रस्ता दुसऱ्या संस्थेचा, बस तिसऱ्या संस्थेची आणि प्रवासी कोणाचाच नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांच्या परिवहन सेवा एकत्र करून २००७ साली पुणे महानगर परिवहन महामंडळ ही कंपनी स्थापण्यात आली. तिचा भार पुण्याने साठ आणि पिंपरी-चिंचवडने चाळीस टक्के उचलावा असे ठरले. भोसरीहून चाकणकडे, राजगुरुनगरकडे या कंपनीच्या बस जातात. पण ज्या कारखान्यांकडे त्या कामगारांना नेतात, त्यांचा मालमत्ता कर या दोन्ही महापालिकांच्या तिजोरीत पडत नाही. तोट्याची फेरी बंद करण्याचा विचार आला की, हद्दीबाहेरची फेरी पहिली डोळ्यांपुढे येते. हिशेबनीसाच्या दृष्टीने ते गैरही नाही. चाकणच्या आसपास स्वतंत्र महापालिका करावी असे २०२५ साली सरकारी पातळीवरून बोलले गेले. नवी महापालिका झाली म्हणजे बस आपोआप धावू लागेल असे मात्र समजू नये. तिजोऱ्या दोनच्या तीन होतील आणि वाद दुहेरीचा तिहेरी होईल, हीही शक्यता आहे.

खेळात बस विकत घ्यावी लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. आठवड्याचा देखभालखर्च तेवढा वजा होतो. त्या एका आकड्यात चालकाचे वेतन, वाहकाची दमछाक, कार्यशाळेतल्या कारागिराचे तेलकट हात, सारे विरघळून गेलेले असते. प्रत्यक्षातही हा आकडा असाच विरघळविण्याचा उद्योग चालू आहे, फक्त त्याला ठेका म्हणतात. परिवहन कंपनीच्या ताफ्यात भाड्याच्या बसचे प्रमाण वाढत गेले. ठेकेदाराला पैसे मिळतात ते किलोमीटरमागे. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, वाहक कंपनीचा. एकाच गाडीत दोन मालकांचे दोन नोकर, वेगळ्या वेतनावर, वेगळ्या रजांवर, एकाच प्रवाशाच्या शिव्या खात आठ-आठ तास काढतात. मार्च २०२३ मध्ये थकलेल्या बिलांसाठी ठेकेदारांनी शेकडो बस उभ्या केल्या तेव्हा सार्वजनिक म्हणविणारी सेवा कोणाच्या मर्जीवर चालते हे पुणे-पिंपरीच्या प्रवाशांनी थांब्यावर उभे राहून पाहिले. चालकांनी संप केला असता तर त्यांना समाजकंटक ठरविणारे अग्रलेख त्याच संध्याकाळी लिहून तयार झाले असते.

मार्गिकेचीही तीच कथा. पडद्यावर बसची मार्गिका आखायला एक टिचकी पुरते. केंद्र सरकारच्या २००५ च्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून जलद बसमार्गांसाठी निधी आला. पिंपरी-चिंचवडने त्या पैशातून खरोखरच लांबरुंद रस्ते केले, मध्यभागी थांबे उभारले. सांगवी-किवळे मार्ग २०१५ साली सुरू झाला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील दापोडी-निगडी मार्गाचे थांबे मात्र बांधून झाल्यावर वर्षानुवर्षे धूळ खात उभे होते. सुरक्षिततेच्या प्रश्नावर प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तेथे बस धावली. पुण्याच्या हद्दीत तर नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग उखडून टाकण्यात आला, कारण मोटारींना अडचण होत होती. बसच्या मार्गिकेतून जाणाऱ्या मोटारीला रोखणे हे अभियांत्रिकीचे काम नाही. रस्ता कोणाचा, एका माणसाला घेऊन जाणाऱ्या मोटारीचा की साठ माणसांच्या बसचा, हा सरळसरळ वर्गीय प्रश्न आहे आणि तो पोलीस शिपायाच्या शिट्टीवर सोपवून राज्यकर्ते मोकळे झाले.

परंतु केवळ राज्यकर्त्यांना आणि ठेकेदारांना धारेवर धरून हा विषय संपत नाही. एक कटू गोष्ट कामगार चळवळीनेही ऐकली पाहिजे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पिंपरी-चिंचवडमधील बलाढ्य संघटनांनी वेतनकरारांत वाहतूक भत्ता मिळविला, कारखान्याची बस मिळविली. लढून मिळविलेले ते हक्क होते यात शंका नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की, संघटित, कायम, आवाज असलेला कामगार सार्वजनिक बसच्या रांगेतून निघून गेला. ज्याच्या हाती चक्का जाम करण्याची ताकद होती त्याला बसची गरज उरली नाही आणि ज्याला गरज होती त्याच्या हाती ताकद नव्हती. भत्त्यातून स्कूटर आली. ती बहुधा आकुर्डीतच तयार झालेली असे. १९७२ साली आलेल्या चेतकने मध्यमवर्गाला आणि सुस्थित कामगाराला पाय दिले, तेव्हा त्याच गावाच्या परिवहन सेवेचे पाय डगमगत होते. सबंध देशाला वाहने पुरविणाऱ्या या पट्ट्याने स्वतःच्या कामगारासाठी वाहतूक उभारली नाही, ही विसंगती अपघाताने घडलेली नाही.

आजही पहाटे नाशिक रस्त्यावर पाहिले तर कारखान्यांच्या बस एकामागून एक जाताना दिसतात, काही भरलेल्या, काही अर्ध्या रिकाम्या. प्रत्येक कारखान्याची वेगळी, रस्ता तोच. त्यांच्या खिडक्यांखाली, रस्त्याच्या कडेला, जेवणाचा डबा घेऊन कंत्राटी मुले शेअर रिक्षाची किंवा टेम्पोची वाट पाहत उभी असतात. अनेक ठिकाणी कंपनीच्या बसमध्ये त्यांना जागा नाही. ओळखपत्राचा रंग वेगळा आहे. दिवसाच्या हजेरीतून येण्याजाण्याचे पैसे गेले की, हाती काय उरते याचा हिशेब त्यांच्यापैकी कोणालाही विचारावा. १ जून २०२५ पासून परिवहन कंपनीने किमान तिकीट पाच रुपयांवरून दहा रुपये केले, दैनिक पास चाळीसवरून सत्तरवर नेला. खेळात सार्वजनिक वाहतूक मोफत करण्याचे धोरण एका खुणेने लागू होते आणि माणसे मोटारी सोडून बसकडे वळतात. दिल्लीत २०१९ पासून आणि कर्नाटकात २०२३ पासून स्त्रियांसाठी बस मोफत झाली. महाराष्ट्राने १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट दिले. पण सवलत दिली ती राज्य महामंडळाच्या बसमध्ये. चाकणच्या फाट्यावर उभ्या असलेल्या कामगार स्त्रीपुढे लाल बस आली तर अर्धे तिकीट आणि परिवहन कंपनीची बस आली तर पुरे. गरज तीच, रस्ता तोच; फरक बसच्या मालकीचा.

रात्रपाळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कामावर ठेवण्यास बंधन घातले होते. नव्या श्रमसंहितेने संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर ते सैल केले. स्त्रीला कोणत्याही पाळीत काम करण्याचा अधिकार असावा, याला समतेचा पुरस्कार करणाऱ्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. मात्र सुरक्षितता कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही. रात्री बारा वाजता सुटलेल्या पाळीतील मुलगी महाळुंग्याहून मोशीला कशी पोहोचते, हे संहितेतील संमतीच्या कागदावर लिहिलेले नसते. खेळात दिवसाचा मार्ग आणि रात्रीचा मार्ग वेगळा आखता येतो, ही सोय २०१५ मध्येच झाली. पिंपरी-चिंचवडमध्ये आणि चाकणमध्ये रात्रीची बस म्हणजे काय, हे शोधावे लागते.

पाळी हीच खेळाला न दिसलेली गोष्ट आहे. तेथे माणसे दिवसभर थोडी थोडी करून बाहेर पडतात. औद्योगिक पट्ट्यात भोंगा होतो आणि अर्ध्या तासात हजारो माणसे रस्त्यावर येतात. मग सात तास रस्ता शांत. त्या अर्ध्या तासासाठी घेतलेली बस बाकीचा दिवस आगारात उभी राहणार असेल तर कोणतीही परिवहन सेवा बुडेल. यावर उपाय आहे, पण तो परिवहन कंपनीच्या हाती नाही. शेजारशेजारच्या कारखान्यांनी पाळ्यांच्या वेळा वीस-वीस मिनिटांनी मागेपुढे केल्या तर एकच बस दोन-तीन फेऱ्या मारू शकते. यासाठी नवा पूल लागत नाही, जमीन लागत नाही. मालकांनी एका टेबलाभोवती बसून घड्याळे जुळवावी लागतात. उड्डाणपुलाच्या मागणीसाठी मंत्रालयात खेपा घालणाऱ्या उद्योजकांच्या संघटनांना हे फुकटचे काम कधी सुचविले गेले पाहिजे. त्याच बैठकीत दुसरी गोष्ट ठरावी : कारखान्यांच्या वेगवेगळ्या बस एका वेळापत्रकात, एका नियंत्रणाखाली याव्यात आणि कायम असो वा कंत्राटी, ओळखपत्र दाखविणाऱ्या प्रत्येक कामगाराला त्यांत बसता यावे.

पैशाचा प्रश्न राहतोच. जकात होती तोवर पिंपरी-चिंचवड महापालिकेला कारखान्यात येणाऱ्या मालामागे उत्पन्न मिळत असे. त्या जोरावर ती राज्यातील श्रीमंत महापालिका म्हणून मिरवली. एप्रिल २०१३ मध्ये जकात गेली, स्थानिक संस्था कर आला. तोही २०१५ मध्ये बहुतांशी गेला आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईवर भागते आहे. कारखाना आणि शहर यांना जोडणारी थेट आर्थिक नाळ तुटली. फ्रान्समध्ये १९७१ साली पॅरिस परिसरात आणि १९७३ पासून इतर शहरांत अशी नाळ कायद्याने जोडण्यात आली आहे. ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या मालकाने वेतनपटाच्या प्रमाणात वाहतूक कर भरावयाचा आणि तो पैसा केवळ सार्वजनिक वाहतुकीवर खर्च करावयाचा. कामगार वेळेवर पोहोचतो याचा लाभ मालकाला होतो, म्हणून त्याने त्याचे मोल द्यावे, हा त्यामागचा विचार आहे. डंकर्क शहराने २०१८ पासून सर्वांना बस मोफत केली ती या कराच्या आधारावर. फ्रान्समधील भांडवलदार या कराने देशोधडीला लागले असे ऐकिवात नाही.

या मागणीला हात घालण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी एक काम करावे. चाकण परिसरातील एका रस्त्यावरील दहा कारखाने निवडावेत. पाळी सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहून कामगारांना चार प्रश्न विचारावेत : कोठे राहता, कशाने येता, किती वेळ लागतो, किती पैसे लागतात. हजारभर उत्तरे हाती आली की, ज्या पोरांना या खेळाचा नाद आहे त्यांच्यापुढे ती ठेवावीत आणि मार्ग आखून मागावेत. या पट्ट्यातील घराघरांत अशी पोरे आहेत आणि त्यांतली कित्येक कामगारांचीच आहेत. त्यांना शाखेच्या बैठकीत बोलवावे. त्यांनी आखलेला मार्ग चालक-वाहकांना दाखवावा, कारण कोणत्या वळणावर बस वळत नाही हे पडद्याला माहीत नसते. असा नकाशा घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाला अधिकारी चहा पाजून परत पाठवू शकणार नाही.

वाहतूक कर हे परदेशी खूळ आहे, असे उत्तर मिळेल. त्याला महाराष्ट्राच्याच इतिहासात प्रत्युत्तर आहे. १९७५ साली या राज्याने व्यवसाय कर बसविला आणि त्याचे उत्पन्न रोजगार हमी योजनेसाठी राखून ठेवले. शहरातील पगारदाराने ग्रामीण मजुराच्या कामाचा खर्च उचलावा, असा तो करार होता आणि वि. स. पागे यांच्या योजनेला त्यामुळे कायमचा पैसा मिळाला. पुढे केंद्राची योजना आली, तरी व्यवसाय कर आजही कामगाराच्या पगारातून कापला जातोच. राज्यघटनेने त्याची वरची मर्यादा वर्षाला अडीच हजार रुपयांवर बांधली आहे. चाकणच्या बससाठीचा कर वेगळा असावा लागेल. तो कामगाराच्या पगारातून कापून न घेता मालकाच्या वेतनपटावर बसवावा लागेल, कंत्राटी कामगारही त्या पटात मोजावे लागतील आणि जमा झालेला पैसा ग्रामपंचायत, नगर परिषद व महापालिका यांच्या हद्दी ओलांडून बसमागे जाईल अशी तरतूद कायद्यातच करावी लागेल. विधेयकाचा मसुदा करणे हे कायदेपंडितांचे काम आहे. फाटकावरचे चार प्रश्न विचारण्यासाठी त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. भोसरी, मोशी आणि चाकण येथील शाखांनी रस्ता आणि कारखाने येत्या बैठकीतच ठरवून घ्यावेत.